जुना पितळी मायक्रोस्कोप घेताना

जुनी वैज्ञानिक उपकरणं जमवायची आहेत असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, कुठली? थिओडोलाइट (जमीन मोजताना कोन मापायचं यंत्र), सेक्स्टंट (जहाजावरून सूर्य-ताऱ्यांची उंची मापायचं यंत्र), दुर्बीण, होकायंत्र सगळंच हवं असेल तर घर अपुरं पडतं आणि नजर कशातच तयार होत नाही. एकच प्रकार धरा. मी नोकरीभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझा जीव मायक्रोस्कोपमध्ये. पुढचं बहुतेक त्याबद्दलच आहे.

मुंबईतला चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार सगळ्यांना ठाऊक आहेत. तिथे जरूर फिरा, पण वस्तू तिथवर पोचेपर्यंत बरेचदा तिची पेटी गेलेली असते आणि ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नळीच्या खालच्या टोकाची भिंगं, भलत्याच यंत्राची लागलेली असतात. मला जास्त भरवसा वाटतो तो कॉलेजांच्या निर्लेखनावर, म्हणजे जुनं सामान नोंदीतून काढून टाकण्यावर. डेडस्टॉक रजिस्टरमधून, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतून, जुनी उपकरणं कमी केली जातात आणि लिलावात भंगाराच्या भावाने जातात. अशा लिलावाची नोटीस लागते, तिच्यावर लक्ष ठेवा. दुसरी जागा म्हणजे जुन्या डॉक्टरांची घरं. आजोबांचा मायक्रोस्कोप माळ्यावर पडून आहे आणि त्याचं काय करावं हे घरात कोणालाच कळत नाही, असं फार ठिकाणी असतं. कुठूनही घ्या, पावती मात्र घ्याच आणि आधी तो कोणाकडे होता हे लिहून ठेवा. यंत्रावर किंवा पेटीवर रंगवलेला कॉलेजचा नंबर खरवडू नका, तोच त्याचा दाखला.

हातात आल्यावर आधी पितळेच्या चकाकीकडे बघू नका. मोठा स्क्रू फिरवून नळी वर न्या आणि हात सोडा. नळी आपोआप खाली घसरली तर रॅक (दातेरी पट्टी) किंवा पिनियन (तिच्यावर फिरणारं दातेरी चाक) झिजलंय, नाहीतर नुसती पकड सैल झालीय. छोटा स्क्रू दोन्ही बाजूंना फिरला पाहिजे. घट्ट बसला असेल तर जोर लावू नका. बहुधा जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं झालेलं असतं, ते सावकाश सुटतं. मग ऑब्जेक्टिव्ह काढा, आयपीस (डोळा लावायचा भाग) उलटा धरून त्याचंच भिंग करा आणि समोरची काच तपासा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा दिसल्या तर ती बुरशी. कडेपासून आत पसरलेले इंद्रधनुषी पट्टे दिसले तर दोन काचा जोडणारा कॅनडा बाल्सम सुटलाय. बुरशी वरवर असेल तर निघते, सुटलेला बाल्सम घरी दुरुस्त होत नाही. आरशाच्या दोन बाजू असतात, एक सपाट आणि एक अंतर्वक्र. दोन्हींचा पारा बघा.

वय ओळखायचा खरा आधार म्हणजे नंबर. लाइट्झ या जर्मन कंपनीने आपला १,००,००० क्रमांकाचा मायक्रोस्कोप १९०७ साली जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना भेट दिला होता. त्यामुळे ‘अर्न्स्ट लाइट्झ, वेट्झलर’ या नावाखाली पाच आकडी नंबर असेल तर यंत्र त्याआधीचं. त्सायस या दुसऱ्या जर्मन कंपनीचा दहा हजारावा मायक्रोस्कोप १८८६ चा. जुन्या त्सायसच्या ऑब्जेक्टिव्हवर ए, डी अशी अक्षरं असतात, लाइट्झच्या ३, ६ असे आकडे, तर इंग्रजी कारागीर १/६ इंच असं लिहीत. ऑब्जेक्टिव्हची आटी १८५८ पासून हळूहळू सगळीकडे एकसारखी झाली, म्हणून एका यंत्राचा दुसऱ्याला सहज बसतो आणि म्हणूनच फसगतही सहज होते. भिंगावर प्रकाश तिरका पाडा. निळसर-जांभळी झाक दिसली तर काचेवर लेप आहे, आणि असा लेप १९३० नंतरच्या दशकातला शोध. १९०५ च्या देहावर असा ऑब्जेक्टिव्ह दिसला तर तो मागाहून लावलाय हे नक्की.

भारतात नव्या ‘जुन्या’ वस्तूंचा सुळसुळाट आहे, विशेषतः रुडकीकडच्या पितळी सेक्स्टंट आणि दुर्बिणींचा. शोभेची वस्तू म्हणून त्या विकल्या तर माझी काही तक्रार नाही, पण त्यांवर ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’ असं कोरलेलं असतं आणि या नावाची कंपनी १९४० च्या दशकाआधी नव्हतीच! आणखी एक खूण म्हणजे खऱ्या सेक्स्टंटच्या अंशपट्टीवरच्या रेघा यंत्राने विभागलेल्या, केसासारख्या बारीक असतात. नकलेत त्या जाड आणि पोकळ दिसतात, व्हर्नियरशी (बारीक मापाच्या सरकत्या पट्टीशी) जुळतच नाहीत. पहिल्या महायुद्धातली लष्करी होकायंत्रं मिळाली तर आतला रंग खरवडू नका आणि काच उघडू नका. तो बरेचदा रेडियमचा असतो. चमक विझली तरी किरणोत्सर्ग चालूच राहतो, रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा. पितळ घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी हे सगळं घरच्या भांड्यांना उत्तम, पण मायक्रोस्कोपचं पितळ उघडं नसतं. त्यावर स्पिरिटात विरघळवलेल्या चपड्याचा (लाखेचा) पातळ सोनेरी थर दिलेला असतो. कारागीर पितळ किंचित गरम करून मऊ ब्रशने तो एका दमात लावत असे, आणि उजेडात तिरपं धरलं तर ब्रशचा तो फिरवलेला हात आजही दिसतो. एकदा घासलात की तो गेला, पुन्हा येत नाही. अंगुलीचे ठसे, स्टेजवर (काचपट्टी ठेवायच्या मंचावर) हात टेकून टेकून उडालेला थर, हीसुद्धा त्या यंत्राची नोंदच आहे. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, सुती फडकं घट्ट पिळून, हलक्या हाताने पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. स्पिरिट लावू नका, चपडा स्पिरिटातच विरघळतो. अमोनिया असलेलं पॉलिश तर अजिबात नको. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्यात आपोआप चिरत असत. घोड्यांच्या तबेल्यात साठवल्यामुळे तिथला अमोनिया ताणाखालच्या पितळेला फोडत होता, हे १९२१ मध्ये उलगडलं. ऑइल इमर्शनच्या, म्हणजे तेलाचा थेंब घालून वापरायच्या ऑब्जेक्टिव्हच्या, टोकावर वाळलेलं सेडार तेल असेल तर लेन्स पेपरला झायलीन हे द्रावक लावून एकदोनदा पुसा, भिजवत ठेवू नका.

आपल्याकडचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. मखमलीची पेटी सुंदर दिसते, पण ओल धरते. पावसाळ्यात ऑब्जेक्टिव्ह काढून हवाबंद डब्यात निळ्या सिलिका जेलबरोबर ठेवा. दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करा. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार विज्ञानाचा इतिहास दाखवणाऱ्या, शंभर वर्षांवरच्या वस्तूही पुरावस्तू ठरू शकतात आणि त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या मुलाला भेट म्हणून सामानात टाकण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो.

शेवटी यंत्र वापरा. ड्रॉ-ट्यूबवर, म्हणजे आतून वर ओढायच्या नळीवर, मिलिमीटरच्या खुणा असतात. लाइट्झ असेल तर नळी १७० वर ओढा, बहुतेक इतरांना १६० चालतं. र्‍हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल सोलून पाण्याच्या थेंबात ठेवा, वर कव्हरस्लिप घाला आणि आधी लहान ताकदीने बघा. पर्णरंध्रं स्वच्छ दिसली की काचा शाबूत आहेत असं समजा. उजेड खिडकीतल्या आभाळाचा घ्या. आरसा थेट सूर्याकडे कधीच वळवू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.