घरात रोजची किटकिट वाढलीय? फॅमिली थेरपीला जायचं ते असं

आपल्याकडं कोल्हापुरात घरात वाजलं की भावकीतलं कुणीतरी मोठं माणूस आणून बसवतात, ते दोघांचं ऐकतं आणि कोण चुकलं ते सांगून चहा पिऊन जातं, चार दिवसांनी परत तेच. फॅमिली थेरपिस्ट, म्हणजे अख्ख्या घराला एकत्र बसवून बोलतं करणारा समुपदेशक, निकाल देत नाही, भांडण कुठनं सुरू होतं, मध्ये कुणाला ओढलं जातं आणि कोण गप्प बसतं ते तो बघतो.

समजा सासू सुनेला थेट न बोलता मुलाला सांगते, तो उद्यमनगरातनं शिफ्ट करून दमून आलेला, बायकोवर चिडतो, ती राग पोराच्या अभ्यासावर काढते आणि शेवटी सगळे म्हणतात पोरगंच बिघडलंय. थेरपिस्ट त्या पोराला विचारेल, "आजी आणि आई बोलायच्या बंद झाल्या की बाबा काय करतात?" पोरगं म्हणतं, "गाडी काढून रंकाळ्याला जातात." एवढ्या एका उत्तरात सगळ्यांना घरातलं चक्र दिसतं, म्हणून माझं म्हणणं आहे की पोरांना बाहेर बसवू नका.

सुरुवात कुठनं करायची तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात विचारा, नाहीतर १४४१६ ला फोन करा, ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतनं बोलता येतं. प्रायव्हेटला जाणार असाल तर कुटुंबासोबत काम करायचं ट्रेनिंग घेतलंय का हे बिनधास्त विचारा.

घरच्यांना तयार करताना "तुला दाखवायला न्यायचंय" असं चुकूनही म्हणू नका, "आपल्या सगळ्यांनाच त्रास होतोय, मिळून जाऊया" म्हणा. तरी अण्णा नाहीच आले तर जे तयार आहेत त्यांनी जायचं, एकाची वागायची पद्धत बदलली तरी बाकीच्यांना बदलावं लागतं. सेशन साधारण तासाभराचं असतं, पहिल्याच वेळी फरक पडंल असं धरू नका. घरी करायला काहीतरी देतात, जसं की आईचं म्हणणं मुलानं बायकोपर्यंत पोचवायचं नाही, दोघींनी थेट बोलायचं. हे लय जड जातं, पण खरा फरक इथंच पडतो.

मारहाण होत असंल तर मात्र एकत्र सेशनला बसायची घाई नको, जिला मार बसतोय ती त्याच्यासमोर खरं बोलूच शकत नाही. आधी १८१ (महिला हेल्पलाईन) किंवा ११२ (पोलिस, तातडीची मदत) ला फोन करा, आणि थेरपिस्टला एकटीनं भेटून सांगा.