हिपॅटायटिस सी: नर्सना शिकवताना सुरुवात दोन रिपोर्टांपासून करा

हिपॅटायटिस सीचं ट्रेनिंग म्हटलं की पहिल्या स्लाइडवर यकृत, दुसरीवर विषाणू, आणि दहावीपर्यंत नाइट करून आलेल्या सिस्टर डुलक्या घेत असतात. मी प्रोजेक्टर लावतच नाही. नाव खोडलेले, एकाच पेशंटचे दोन रिपोर्ट टेबलावर ठेवते. एकात अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सीच्या विषाणूविरुद्धची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह, दुसऱ्यात एचसीव्ही आरएनए (खुद्द विषाणूचा अंश) ‘आढळला नाही’. मग विचारते, ‘याला आज आजार आहे का?’

बऱ्याच जणी ‘हो’ म्हणतात. धडा तिथून सुरू करायचा. अँटीबॉडी ही विषाणू कधीतरी शरीरात शिरल्याची खूण. पूर्ण बऱ्या झालेल्या माणसातही ती सहसा कायम राहते. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण 30 टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू औषधाविना, सहा महिन्यांच्या आत निघून जातो. आजार आज आहे की नाही हे आरएनए सांगतो. तो रिपोर्ट हातात नसताना ‘तुम्हाला हिपॅटायटिस सी आहे’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून निघता कामा नये.

यानंतर जोड्या लावा. एक सिस्टर, एक पेशंट. ‘पेशंट’ने तेच प्रश्न विचारायचे जे वॉर्डात येतात: मुलांना जवळ घेऊ का, ताटवाटी वेगळी ठेवू का, मी यातून वाचेन का. उत्तरं सिस्टरच्या स्वतःच्या शब्दांत आली पाहिजेत. मिठी मारल्याने, एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही, रक्तातून पसरतो. म्हणून रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगळं. बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही, फक्त स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर तेवढ्यापुरतं थांबायचं. आणि शेवटच्या प्रश्नाला चाचरायचं नाही: बहुतेकांना 8 ते 12 आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि 95 टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचा, म्हणजे जुन्या उपचारांचा काळ पाहिलेल्या सिनिअर सिस्टरना हे पटायला वेळ लागतो. त्यांच्याशी सबुरीने बोला.

हिस्ट्री घेणं याच सरावात येतं. रक्त चढवलं होतं का, डायलिसिस, टॅटू, नशेची इंजेक्शनं. हा शेवटचा प्रश्न विचारताना आवाज बदलला की पेशंट गप्प होतो. ‘हे मी सगळ्यांनाच विचारते’ असं म्हणून विचारायचं, आणि ते खरं असलं पाहिजे, म्हणजे सगळ्यांना विचारायचं.

आता हात. पॉझिटिव्ह पेशंटला दोन-दोन ग्लोव्ह्ज आणि शेजारच्या बेडला उघड्या हाताने आयव्ही (शिरेतली सुई), ही माझ्या मते सगळ्यात धोकादायक सवय. शेजारच्याची तपासणी कुणी केलीय? खबरदारी प्रत्येकासाठी सारखीच. फाइलवरचं लाल स्टिकर मी काढायला लावते. त्याने पेशंटची अब्रू जाते आणि स्टाफ बाकीच्यांबाबत निर्धास्त होतो.

एक प्रयोग जरूर करा. वापरलेल्या सिरिंजमध्ये थेंबभर लाल शाई ठेवा, सुई नवी लावा आणि पाण्याच्या मल्टिडोस वायलमधून (अनेकांना पुरणाऱ्या बाटलीतून) डोस काढायला सांगा. दट्ट्या ढकलताना शाई वायलमध्ये उतरते. सुई बदलली पण सिरिंज तीच, म्हणजे काय होतं ते पुन्हा समजावावं लागत नाही. ग्लुकोमीटरच्या लॅन्सेटचा (साखर तपासताना बोटाला टोचायच्या सुईचा) विषयही तिथेच काढा.

वापरलेली सुई सिस्टरला टोचली तर: जागा पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची, लगेच कळवायचं. एचआयव्हीसारखं टोचल्यानंतर घ्यायचं प्रतिबंधक औषध इथे नाही, लसही नाही. म्हणून त्या वेळची तपासणी, 3 ते 6 आठवड्यांनी आरएनए आणि 4 ते 6 महिन्यांनी अँटीबॉडी, या तारखा इन्चार्जने लिहून ठेवायच्या.

पहिली गोळी देण्याआधी पेशंटला सगळ्या औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगा. ‘दुसरं काही चालू आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’च उत्तर मिळतं. पिशवीतून मात्र टीबीचं रिफॅम्पिसिन, फिट्सचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, हृदयाचं अमिओडॅरॉन निघतं. यांचं या गोळीशी जमत नाही, म्हणून यातलं काही दिसलं की गोळी थांबवून डॉक्टरांना फोन. औषधात वेलपाटासविर असेल तर ॲसिडिटीच्या गोळ्याही विचारा. एचबीएसएजीचा (हिपॅटायटिस बीच्या तपासणीचा) रिपोर्ट फाइलमध्ये नसेल तर सुरुवात नाही, कारण सी जाताना दबलेला बी उसळू शकतो.

पेशंट हातून निसटतो तो शेवटी. गोळ्या संपतात, बरं वाटतं, तो येत नाही. बरा झाला की नाही हे कोर्स संपल्यावर 12 आठवड्यांनी आरएनए केल्यावरच कळतं. ती तारीख पहिल्याच दिवशी कार्डावर लिहायला शिकवा, आणि फोन करायची जबाबदारी एका सिस्टरच्या नावावर टाका, ‘सगळ्यांवर’ नको. सिरॉसिस (यकृत निबर होणं) असलेल्यांना विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते. तो रकाना रजिस्टरमध्ये वेगळा आखा.

परीक्षा मी लेखी घेत नाही. काही आठवड्यांनी राउंडला मागे उभी राहते आणि सिस्टर पेशंटला रिपोर्ट कसा सांगते ते ऐकते. अडखळली तर तेच दोन कागद पुन्हा टेबलावर.