सरकारी सुरक्षा निरीक्षकांच्या तपासणीला कसे सामोरे जावे

विमानतळावरील आणि विमान कंपनीतील सुरक्षेची रोजची कामे बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या यंत्रणांचे कर्मचारी करतात. ती मंजूर सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे, म्हणजे ही कामे कशी करायची हे ठरवणाऱ्या मंजूर लेखी आराखड्याप्रमाणे होतात की नाही, हे पाहण्याचे काम सरकारी निरीक्षकांचे असते. नागरी विमान वाहतुकीसंबंधीच्या शिकागो या आंतरराष्ट्रीय कराराचे १७ वे परिशिष्ट हा या व्यवस्थेचा पाया आहे; हे परिशिष्ट आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९७४ मध्ये स्वीकारले. तपासणी करणारे ज्यांची तपासणी करतात त्यांच्यापासून स्वतंत्र असावेत, ही त्यातली महत्त्वाची अट होय. २००२ पासून ही संघटना सदस्य देशांच्या सुरक्षा व्यवस्थेचेही ऑडिट करत आली आहे, त्यामुळे निरीक्षक नेमणाऱ्या सरकारलाही आपल्या कामाचा हिशेब द्यावा लागतो.

सुरक्षेची जबाबदारी तुमच्याकडे असेल, तर आलेली तपासणी कोणत्या प्रकारची आहे हे आधी समजून घ्या. ऑडिटमध्ये संपूर्ण व्यवस्था सखोल पाहिली जाते, निरीक्षणात ठरावीक उपाययोजनांची अंमलबजावणी पाहतात, तर चाचणीत एखादी निषिद्ध वस्तू तपासणीतून पार होते का, हे प्रत्यक्ष करून पाहतात. गुप्त चाचणीची पूर्वसूचना मिळत नाही, आणि मिळू नये.

निरीक्षक आल्यावर त्यांचे ओळखपत्र तपासा. हुद्दा पाहून प्रतिबंधित क्षेत्राचे दार उघडणारा पहारेकरी नम्र वाटला, तरी तो नियम मोडत असतो. पास न लावलेल्या माणसाला कर्मचारी अडवतात का, हे काही वेळा निरीक्षक स्वतःवरच करून पाहतात. ओळख पटल्यानंतर मात्र त्यांना हव्या त्या जागी जाऊ द्या आणि हवी ती नोंदवही दाखवा. मंजूर कार्यक्रमाची दुरुस्त्यांसह अद्ययावत प्रत, तपासनिसांच्या, म्हणजे प्रवासी व सामान तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या, प्रशिक्षणाच्या आणि प्रमाणपत्रांच्या नोंदी, एक्स-रे यंत्रांच्या दैनंदिन चाचणीची वही आणि दिलेल्या व परत घेतलेल्या पासांचा हिशेब, इतके तरी नेहमी हाताशी असावे. राहून गेलेली नोंद मागची तारीख घालून भरू नका: राहिलेली नोंद ही त्रुटी असते, बनावट नोंद हा अप्रामाणिकपणा असतो आणि त्यानंतर तुमच्या कोणत्याच कागदावर विश्वास उरत नाही.

निरीक्षकांच्या कामाचे खरे मोल कागद आणि प्रत्यक्ष काम यांतले अंतर शोधण्यात आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या १८२ क्रमांकाच्या विमानात स्फोट होऊन ३२९ जण मृत्युमुखी पडले. बॉम्ब असलेली बॅग ज्याच्या नावावर चढवली होती तो प्रवासी विमानात बसलाच नव्हता, आणि टोरांटोला एक्स-रे यंत्र बंद पडल्यावर उरलेल्या बॅगा हातातल्या, फारशा भरवशाच्या नसलेल्या उपकरणाने तपासल्या गेल्या. म्हणूनच ‘यंत्र बंद पडले तर काय करता?’ आणि ‘प्रवासी आला नाही तर त्याच्या सामानाचे काय करता?’ हे प्रश्न निरीक्षक थेट बेल्टजवळच्या माणसाला विचारतात. त्याच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका. त्याला ठाऊक नसेल, तर ते त्याच क्षणी उघड होणे प्रवाशांच्या हिताचे आहे. तपासणी सुरू असल्याचा निरोप पुढच्या चौक्यांना पाठवणे हा तर त्या हिताशी केलेला द्रोह आहे.

गंभीर उणीव आढळली, उदाहरणार्थ एखाद्या दाराचे कुलूप निकामी निघाले, तर अहवालाची वाट न पाहता तिथे लगेच माणूस उभा करा. निष्कर्ष पटला नाही, तर पुराव्यासह लेखी म्हणणे मांडा. सुधारणा आराखडा लिहिताना ‘संबंधितांना पुन्हा प्रशिक्षण दिले’ या वाक्यावर थांबू नका, कारण तपासनिसाची चूक अनेकदा सलग लांबलेल्या पाळीतून, अपुऱ्या मनुष्यबळातून किंवा रांग हलती ठेवण्याच्या दबावातून होते, आणि हे मूळ कारण न हटवल्यास पुढच्या चाचणीतही तीच चूक दिसते. प्रत्येक उपायापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव व मुदत लिहा आणि उपाय लागू पडला की नाही हे स्वतः तपासा.

अहवालात तुमच्या कच्च्या जागांची यादीच असते. तो फक्त कामापुरत्या लोकांना दाखवा, त्याची छायाचित्रे मोबाइलवरून पाठवू देऊ नका आणि त्याच्या प्रती कोणाकडे आहेत याची नोंद ठेवा.