राजवाड्यावरचा तो ठिपका
इंदूरच्या राजवाड्याच्या सात मजल्यांमागे आकाश मस्त निळं आलं होतं पण प्रत्येक फोटोत उजवीकडे वर तोच काळपट ठिपका, आई म्हणे घार असेल. लेन्स बदलली तरी ठिपका तिथंच, म्हणजे धूळ सेन्सरवर, कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या भागावर. एफ/२.८ ला, म्हणजे लेन्सचं भोक (अ‍ॅपर्चर) मोठं असताना, दिसत नव्हता, एफ/१६ ला एकदम ठळक, कारण अ‍ॅपर्चर बारीक झालं की धुळीची सावली रेखीव पडते. मग बॅटरी फुल चार्ज (मधेच संपली तर शटर, म्हणजे सेन्सरपुढचा पडदा, बंद होतं), मेनूतून क्लीनिंग मोड (यात शटर उघडं राहतं), कॅमेऱ्याचं तोंड खाली आणि रबरी ब्लोअरनं हवा मारली. तोंडानं अजिबात फुंकू नका, मी आधी तेच केलं, थुंकीचा वेगळा डाग! तो शेवटी सेन्सर पुसायच्या ओल्या स्वॅबनं गेला. संध्याकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर परत एफ/१६, आकाश साफ.. मग काय, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस.