फुलदाणीवर दूध सांडलं का? काचेवर टिशू चिकटवताना या चुका टाळा

मागच्या जुलैत नेरुळच्या मावशीला पंचाहत्तरीनिमित्त मी एक काचेची फुलदाणी सजवून दिली. बाहेरून जास्वंदीच्या छापाचे पेपर नॅपकिन, वर चकचकीत वार्निशचे दोन हात. आठव्या दिवशी फोन. "अगं, हिच्यावर कुणी दूध सांडल्यासारखं दिसतंय. पुसलं तरी जात नाही." मला वाटलं बुरशी आली असेल. बुरशी नव्हती, माझी घाई होती.

लाकूड पाणी पितं, पुठ्ठा पितो, मातीची कुंडी तर घटाघटा पिते. काच थेंबभरही पीत नाही. डेकोपाजमधल्या, म्हणजे वस्तूवर कागद चिकटवून वार्निश मारायच्या या कलेतल्या, निम्म्याहून जास्त भानगडी इथूनच निघतात. फेविकॉलसारखा पांढरा डिंक म्हणजे पाण्यात पसरलेले प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना धरतात आणि थर पारदर्शक होतो. काचेवर त्या पाण्याला बाहेर पडायला एकच वाट, वरच्या कागदातून. त्यात आपलं ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही खाडीकाठची. पावसाळ्यात दोरीवरचे मोजे दोन दिवस दमट राहतात, तिथे डिंकाने तीन तासांत वाळावं ही अपेक्षाच चुकीची. मी तिसऱ्या तासाला वार्निश मारलं, वाट बंद झाली, पाणी आतच अडकलं आणि दुधाळ डाग पडले.

उन्हाळ्यात डिंकाच्या दोन थरांमध्ये दोनेक तास आणि वार्निशआधी एक रात्र पुरते. जून ते सप्टेंबर मात्र वार्निशआधी पूर्ण एक दिवस, झड लागली असेल तर दोन दिवस थांबा. वाळलं की नाही हे बोट लावून कळत नाही. हाताची मागची बाजू टेकवून पाहा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. पंख्याखाली ठेवायला हरकत नाही. हेअर ड्रायरचा गरम झोत नको, वर साय धरते आणि खालचं ओलं तसंच राहतं. स्प्रेचं वार्निशही पावसाळी दमट हवेत स्वतःच पांढरं पडू शकतं. पाण्यावर चालणारं ॲक्रिलिक वार्निश घ्या आणि जाड एका हाताऐवजी पातळ दोन-तीन हात द्या. ऑइल वार्निश कालांतराने पिवळं पडतं, पांढऱ्या जमिनीवरच्या फुलांवर ते फार दिसतं.

दुसरी चूक मावशीची, पण सांगायला मीच विसरले होते. तिने फ्रीजमधलं पाणी घालून निशिगंध ठेवला. गार पाण्याने काच बाहेरून घामेजते आणि वाळलेला पांढरा डिंकही पाणी लागलं की पुन्हा दुधाळ, मऊ होतो. म्हणून साधं पाणी भरा, काठापासून दोन बोटं जागा मोकळी सोडा आणि फुलदाणी नळाखाली धरू नका. ओलसर फडक्याने पुसली की झालं. खऱ्या फुलांसाठी असेल तर कागद बाहेरूनच लावायचा. १८५०च्या दशकात युरोपात काचेच्या भांड्याला आतून कागद चिकटवून चिनी मातीचा भास आणायचं वेड आलं होतं, पोटिशोमेनिया म्हणायचे त्याला. दिसायला सुरेख. पण ती भांडी पाण्याची नव्हेत, सुक्या फुलांची.

कागद सुटून येतो

डिंकाला दोष देऊ नका, काच ओशट असते. लोणच्याच्या किंवा सॉसच्या बरणीचं लेबल काढायला आपण खोबरेल तेल आणि खायचा सोडा चोळतो. लेबल निघतं, तेल राहतं. भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा, कोरडी करा आणि शेवटी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटचा बोळा फिरवा. त्यानंतर बरणी फक्त काठाला धरा. बोटांचे ठसे उमटले तिथूनच पोपडा सुटतो.

सुरकुत्या आणि फुगे

नॅपकिन बहुधा तीन पदरी असतो. छापाचा वरचा पदर तेवढा आपला, खालचे दोन पांढरे काढून टाकायचे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दहापैकी सहाजणी एक पदर काढतात आणि संपलं समजतात. मग मधल्या पदरात हवा राहते आणि वाळल्यावर वरचा सालीसारखा निघतो. कोपऱ्याला चिकटपट्टीचा तुकडा लावून ओढला की पदर सुटे होतात.

पोट आलेल्या फुलदाणीला अख्खा नॅपकिन गुंडाळायचा हट्ट सोडा. सपाट कागद गोलाईवर बसत नाही, कुठेतरी चुणी पडणारच. दोन-तीन इंचांचे तुकडे करा, तेही कात्रीने नव्हे, हाताने फाडून. फाटलेली कड शेजारच्या तुकड्यात विरून जाते, कापलेली कड रेघेसारखी उठून दिसते. दोन भाग डिंक, एक भाग पाणी असं कालवून आधी काचेवर पातळ लावा, मग तुकडा ठेवा आणि वरून मऊ, पसरट ब्रश मधून कडेकडे न्या. एकाच जागी तीनदा घासलं की ओला टिशू फाटतो. ब्रशची भीती वाटत असेल तर वर प्लास्टिकची पिशवी ठेवून बोटाने दाबा. फुगा राहिलाच तर ओला असतानाच टाचणीने टोचून दाबा. वाळलेल्या सुरकुतीवर बारीक पॉलिश पेपर अगदी हलका फिरवा, नाहीतर तिच्यावर एखादं पान चिकटवा. माझ्या निम्म्या फुलदाण्यांवरची 'सुंदर' पानं याच कारणाने उगवली आहेत.

रंग फिका पडला, नाहीतर ओघळला

एकच पदर ओला झाला की जवळजवळ पारदर्शक होतो. दुकानात गडद दिसलेली जास्वंद काचेवर भुतासारखी दिसते. आत एलईडीची माळ सोडायची असेल तर उत्तमच, उजेड छान झिरपतो. (मेणबत्ती नको, हा कागद आहे.) तसं नसेल तर आधी स्पंजने टिपत टिपत पांढऱ्या ॲक्रिलिकचे दोन हात द्या. पहिला हात डागाळ दिसतो, घाबरून जाड थापू नका.

ओघळण्याचं दुखणं साध्या रंगीत टिशूचं आणि क्रेप कागदाचं. जांभळी नाक्याच्या बाजारातून हौसेने आणलेला लाल कागद शेजारच्या पिवळ्याला केशरी करून सोडतो. घरी आणल्यावर ओल्या बोटाने कोपरा चोळा. बोट लाल झालं तर तो कागद भेटवस्तू गुंडाळायला ठेवा.

मावशीची फुलदाणी मी परत आणली. वार्निशमुळे रात्रभर कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी लागली. सकाळी अर्धं सोलून निघालं, उरलेलं ब्लेडने खरवडलं. काचेला ओरखडाही नाही. दिवाळीच्या तोंडावर, हवा कोरडी झाल्यावर, पुन्हा केली. मावशीने या वेळी तिच्यात मोरपिसं खोचली आहेत. पाण्याचं नाव काढलं की म्हणते, "तू आधी लिहून दे."