मे महिन्यात ऑडिट लागलंय? मग आधी हे बघून घ्या

संभाजीनगरच्या एमआयडीसीत, वाळूजला काय अन् चिकलठाण्याला काय, छोट्या मशीन शॉपमध्ये कस्टमरच्या प्रोसेस ऑडिटची, म्हणजे माल घेणारी कंपनी आपलं काम तपासायला येणार याची, मेल आली की पहिली खरेदी पिवळ्या पेंटची होते. गँगवेच्या, म्हणजे चालायच्या वाटेच्या, पट्ट्या माराव्यात, त्याला ना नाही. पण ते काम शेवटच्या दोन दिवसांचं. जाणता ऑडिटर फाईल मागायच्या आधी मशीनपाशी जातो, ट्रेमधला एक जॉब (बनवलेला भाग) उचलतो आणि तिथून मागं मागं विचारत जातो. तयारीही त्याच उलट्या वाटेने करा.

पॅकिंगला ठेवलेला एक जॉब आजच उचला. त्याचं रूट कार्ड (कुठल्या टप्प्यातून गेला त्याची नोंद), फायनल इन्स्पेक्शनचा रिपोर्ट, प्लेटिंगवाल्याचं चलान, इनवर्डची नोंद आणि शेवटी मिलचं मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, एवढी साखळी जोडून दाखवता येते का बघा. बहुतेक ठिकाणी ती तुटते बँडसॉपाशी, म्हणजे बार कापायच्या करवतीपाशी. बारच्या एका टोकाला ग्रेडचा रंग असतो, हीट नंबरही (मिलमधल्या वितळणीच्या घाण्याचा क्रमांक) तिथंच पंच केलेला. हेल्पर नेमका त्याच टोकाकडून कापायला घेतो आणि उरलेला दीड-दोन फुटांचा तुकडा रॅकमध्ये बेवारस पडतो. असे तुकडे स्क्रॅपला टाका आणि कापायची सुरुवात बिनरंगाच्या टोकाकडून, हे बँडसॉवरच लिहून लावा. प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंट बाहेर करून घेत असाल तर तिथून परत आलेल्या लॉटवर तुमचा लॉट नंबर टिकतो का, हे त्यांच्याकडे जाऊन बघा. फोनवर सगळेच हो म्हणतात.

आता गेजेस, म्हणजे मापं घ्यायची साधनं. कॅलिब्रेशनची तारीख सगळे बघतात, म्हणून तिच्यावर फार बोलत नाही. सर्टिफिकेट एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबचं असावं आणि तुमचा साईज त्या मान्यतेच्या स्कोपमध्ये बसावा, इतकं तपासा. आपल्याकडचा खरा घोळ उन्हाचा आहे. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस. मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याच्या शेडमध्ये 40 अंश सहज असतात. एवढ्या फरकाने 100 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा जॉब सुमारे 46 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतो आणि स्टीलचा सुमारे 23. म्हणजे ॲल्युमिनियमचा जॉब स्टीलच्या मास्टरशी (माप जुळवायच्या नमुन्याशी) ताडून बघितला, तर दोघं एकाच तापमानाला असूनही 23 मायक्रॉनचा फरक दिसणारच. टॉलरन्स (मापातली चालणारी सूट) अधिक-उणे 20 मायक्रॉन असेल तर ती तिथंच संपली. त्यात जॉब मशीनमधून नुकताच काढलेला, हाताला चटका देणारा असेल तर विचारूच नका. सकाळच्या शिफ्टचा माल ओके आणि दुपारचा रिजेक्ट, या रडगाण्यात ऑपरेटरचा दोष किती आणि सूर्याचा किती, हे आधी वेगळं करा. जॉब आणि मास्टर एसी इन्स्पेक्शन रूममध्ये किती वेळ ठेवून मग मोजायचं, ते वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये मिनिटांत लिहा. ‘थंड झाल्यावर’ लिहू नका. ऑडिटर तेवढ्याच शब्दावर अर्धा तास घालवेल. गेज आर अँड आर, म्हणजे गेज आणि माणसामुळे मापात किती फरक पडतो याची चाचणी, जुना असेल तर नव्याने घ्या: तीन ऑपरेटर, दहा जॉब, प्रत्येकी तीन वेळा. दहा टक्क्यांच्या आत आला तर छान, तीसच्या वर गेला तर त्या गेजवर काढलेले सीपीके (प्रोसेस मापात किती बसते त्याचा आकडा) दाखवून उपयोग नाही.

कूलंट, म्हणजे कापताना सोडायचं तेल-पाण्याचं मिश्रण, विसरू नका. बोअरवेलचं पाणी जड, क्षारांचं. त्यात उन्हाने टाकीतलं पाणी उडतं, क्षार मागं राहतात. वर साय धरते, जॉबवर गंजाचे ठिपके येतात आणि दोष जातो पॅकिंगच्या पिशवीवर. रिफ्रॅक्टोमीटरचं (मिश्रण किती दाट ते दाखवणारं साधन) रीडिंग रोज घ्या आणि कमी झालेल्या टाकीत नुसतं पाणी ओतायचं की पातळ मिश्रण, हे रीडिंगवरूनच ठरवा. टँकर बदलला तर पाण्याचा हार्डनेस पुन्हा तपासा.

रिजेक्ट जॉब टाकायच्या लाल डब्याला कुलूप हवं आणि किल्ली क्वालिटीकडे. डबा पूर्ण रिकामा ठेवून चमकवणारे पुष्कळ. माझ्या मते ही सगळ्यात वाईट तयारी. महिनाभराच्या रिजेक्शन रजिस्टरात आकडे आणि डब्यात एकही जॉब नाही, तर गेला कुठं? स्क्रॅप नोट असू द्या. रिवर्क केलेला जॉब पुन्हा कुठल्या स्टेजपासून तपासला, तेही लिहिलेलं असू द्या.

मशीनच्या मधे साठलेला अर्धवट माल दुसऱ्या शेडमध्ये हलवण्याचाही मोह होतो. टोयोटाची उत्पादन पद्धत घडवणारे ताईची ओनो यांनी तिथं सात प्रकारचे अपव्यय मांडले, त्यात गरजेपेक्षा जास्त बनवणं सगळ्यात घातक मानलं, कारण बाकीचे त्याखाली झाकले जातात. तेव्हा ढीग लपवू नका, मोजा. ड्रिलिंगसमोर चारच बिन ठेवायचे ठरवा आणि चौथा भरला की मागचं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) थांबवा. मालकाला थांबलेलं मशीन बघवत नाही, हे खरं. पण बोअर (जॉबमधलं भोक) ओव्हरसाईज झालेला चौथ्या बिनमध्ये कळणं आणि पन्नासाव्यात कळणं, यातला खर्च त्यालाच समजावून सांगा.

कागदांत एकच तपासणी महत्त्वाची. मागच्या वर्षभरातली प्रत्येक कस्टमर कंप्लेंट घ्या आणि ती पीएफएमईए (प्रोसेसमध्ये काय चुकू शकतं त्याची यादी), कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कसं तपासायचं त्याचा तक्ता) आणि मशीनवरच्या वर्क इन्स्ट्रक्शन, तिन्हीत उतरली का बघा. 8डी (तक्रारीचं कारण शोधून उत्तर द्यायचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट) क्लोज झाला आणि कंट्रोल प्लॅनची रिव्हिजन जुनीच, हा प्रकार हमखास सापडतो. कस्टमरने 2019 चं एआयएजी-व्हीडीए या अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांचं एफएमईए पुस्तक लागू केलं असेल तर त्यात आरपीएन (तीन गुणांच्या गुणाकाराने येणारा धोक्याचा आकडा) नाही, ॲक्शन प्रायॉरिटी (कारवाईचा अग्रक्रम) आहे. जुन्या शीटवर नुसता नवा हेडर चिकटवू नका.

माणसांना उत्तरं पाठ करायला लावू नका. नाईट शिफ्टच्या ऑपरेटरला सहज विचारा, “मामा, जॉब मापाच्या आऊट निघाला तर तुम्ही काय करता?” तो “सेटरला बोलावतो” म्हणेल. पुढचा प्रश्न महत्त्वाचा: “आणि त्याच्या आधी निघालेल्यांचं काय?” शेवटच्या ओके तपासणीपासून पुढचे सगळे जॉब बाजूला काढतो, असं त्याने त्याच्या भाषेत सांगितलं की पुरे. लाईट गेली आणि परत आली तर पहिला जॉब पुन्हा तपासायचा, हेही त्याच्याकडूनच ऐका. कॉन्ट्रॅक्टचा नवा पोरगा असेल तर स्किल मॅट्रिक्समध्ये (कोणाला कुठलं काम येतं त्या तक्त्यात) त्याचं नाव आहे का, ते आत्ताच पाहा.

एमएसएमईंसाठीची (छोट्या-मध्यम उद्योगांसाठीची) केंद्राची लीन, म्हणजे अपव्यय कमी करण्याची, योजना 2023 मध्ये आली, तेव्हा सल्लागाराच्या खर्चातला 90 टक्के वाटा सरकारचा ठेवला होता. पण ते काम महिनोन्महिने चालणारं. ऑडिट आठवड्यावर आल्यावर अर्ज भरायला बसू नका.

त्या दिवशी गेटवर गॉगल आणि सेफ्टी शूज पाहुण्यांच्या मापाचे ठेवा, आणि शॉप फ्लोअरची फेरी दुपारच्या आत उरकेल असं वेळापत्रक आधी पाठवा. एनसी, म्हणजे ऑडिटरने लिहिलेली त्रुटी, निघाली तर वाद घालण्याऐवजी पुरावा मागून तो नेमका लिहून घ्या. उत्तरात ‘ऑपरेटरला समज दिली’ असं लिहिलंत तर ते परत येईल. कुठलं फिक्स्चर, कुठली तपासणी, कुठलं सेटिंग बदललं, ते फोटोसकट पाठवा.