सॅकचे यार्ड कुणाच्या खात्यावर?

ऑगस्ट जवळ आला की मला साधारण एकाच छापाचे मेसेज येतात. ‘ताई, ओहायोला ॲडमिशन मिळालंय, कॉलेज छोटं आहे, कॅम्पस जॉबच्या यादीत अमेरिकन फुटबॉलच्या स्टॅट्स टीमचं (आकडे नोंदवायचं) काम दिसतंय. घेऊ का? मी फुटबॉल कधी खेळलेलो नाही.’

घ्या. मीही खेळले नव्हते. साताऱ्यात बाबांबरोबर क्लब क्रिकेटच्या मॅचला स्कोअरबुक धरून बसायचे, एवढीच माझी पुंजी. पण मी ज्या खड्ड्यात पडले तो आधी नीट बघून घ्या, कारण वरून तो खड्डा वाटतच नाही. चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे जायचं, टचडाउनचे सहा गुण, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर दोन सामने नुसते बघा आणि मग पुढचं वाचा.

छोटं कॉलेज म्हणजे बहुतेक वेळा डिव्हिजन थ्री. इथे खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत. शनिवारी तीन टचडाउन मारलेला पोरगा सोमवारी लॅबमध्ये तुमच्या शेजारी बसून तुमच्याच असाइनमेंटमध्ये डोकावत असतो. म्हणून हा लुटुपुटूचा खेळ समजू नका. यांचे प्लेऑफ १९७३पासून चालू आहेत, अंतिम सामन्याला स्टॅग बोल म्हणतात आणि १९९३ ते २०१७ तो सलग व्हर्जिनियातल्या सेलम गावी व्हायचा. ओहायोतल्या अलायन्स गावच्या माउंट युनियनने तो १३ वेळा जिंकलाय. त्यांचे कोच लॅरी केहरेस यांचा हिशोब ३३२ विजय, २४ पराभव, ३ बरोबरी. २००५ ते २०११ अशी सलग सात वर्षं फायनलला माउंट युनियन आणि विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर हेच दोन संघ. आमच्या भागात माउंट युनियनचं नाव निघालं की लोकांचा आवाज आपोआप खाली यायचा. आपल्याकडे थोरल्या जाऊबाईंचं नाव निघाल्यावर येतो तसा.

नियमित सीझन दहा सामन्यांचा. नोव्हेंबरच्या मध्यावर एका रविवारी प्लेऑफची यादी जाहीर होते. आमच्या वेळी ३२ संघ घ्यायचे, २०२४पासून ४० घेतात. त्या रविवारी आमच्या कॉलेजचं नाव बऱ्याच वर्षांनी लागलं. पोरं कॅफेटेरियात टेबलावर चढून नाचली आणि आमच्या ऑफिसची झोप उडाली.

ऑफिस म्हणजे एक एसआयडी, स्पोर्ट्स इन्फर्मेशन डायरेक्टर. सगळ्या खेळांची वेबसाइट, फोटो, प्रेस नोट, रेकॉर्ड बुक, सगळं एका माणसाच्या डोक्यावर, हाताखाली आमच्यासारखे चार-पाच विद्यार्थी. सोमवारी संध्याकाळी तो म्हणाला, गेम नोट्समध्ये आपल्या क्वार्टरबॅकच्या (पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) धावण्यावर एक ओळ टाक. गेम नोट्स म्हणजे सामन्याआधी दोन्ही कॉलेजं आणि पत्रकार यांच्याकडे जाणारी माहितीची पानं. स्टॅट्सचा लॅपटॉप व्हॉलीबॉलवाल्यांकडे गेला होता. माझ्याकडे माझी वही होती. क्रिकेटच्या सवयीने मी दहाही सामन्यांची स्वतःची नोंद ठेवली होती, आणि तिचा मला भयंकर अभिमान होता. बेरीज केली: ६१२ यार्ड. लिहून टाकलं, आमचा क्वार्टरबॅक सीझनमध्ये ६१२ यार्ड धावलाय.

अधिकृत आकडा ३७१ होता.

कसा, ते एकाच सामन्यावर दाखवते. जरा कंटाळवाणं आहे, पण वाचाच. समजा क्वार्टरबॅक ११ वेळा धावला, ७१ यार्ड मिळवले. शिवाय पास टाकायला मागे गेला असताना त्याला पाच वेळा पाडलं, म्हणजे पाच सॅक, आणि त्यात ३८ यार्ड गेले. पास पूर्ण झाले त्याचे यार्ड २४८. आता हे ३८ वजा कुठून करायचे? टीव्हीवर एनएफएल, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, बघून शिकलेला माणूस म्हणेल, संघाच्या पासिंगमधून. तिथे तसंच आहे. म्हणजे पासिंग २१०, क्वार्टरबॅकचं धावणं ७१. पण कॉलेज फुटबॉलमध्ये सॅक धावण्यात धरतात. पास हातातून सुटलाच नाही, माणूस बॉल घेऊन पडला, म्हणजे तो धावत होता, असा हिशोब. त्यामुळे पासिंग २४८ तसंच राहतं, आणि क्वार्टरबॅकच्या नावावर ११ नाही तर १६ वेळा धावून ३३ यार्ड लागतात. सरासरी साडेसहावरून थेट दोनवर.

आता खरी गोम. २१० अधिक ७१ किती? २८१. २४८ अधिक ३३? २८१. संघाची एकूण बेरीज दोन्हीकडे सारखीच येते! मी दर सामन्यानंतर माझ्या वहीची एकूण बेरीज अधिकृत पानाशी ताडून बघायचे. दहाही वेळा जुळली. जुळणारी बेरीज बघून मी निवांत झोपायचे. चूक बेरजेत नव्हतीच, खात्यात होती. मारुतराव आणि शांताराम यांच्या पासबुकांची अदलाबदल झाली तरी बँकेचा ताळेबंद बसतोच की. क्रिकेटमध्ये वाइडची धाव गोलंदाजाच्या नावावर लागते आणि बायची लागत नाही, हे मी आठव्या वर्षी बाबांशी भांडून शिकले होते. तरी हा प्रश्न इथे विचारायचं मला सुचलं नाही. म्हणून सांगते, नव्या खेळाच्या टेबलावर बसलात की पहिला प्रश्न हा विचारा: नुकसान कुणाच्या नावावर लागतं?

बुधवारी समोरच्या कॉलेजच्या एसआयडीचा फोन आला. माणूस सभ्य होता. म्हणाला, ‘आमच्या पोरांनी तुमच्या क्वार्टरबॅकला अजून पाडलेलं नाही, मान्य. पण बाकी दहा जणांनी पाडलंय ना?’ आमच्या एसआयडीने फोन ठेवला आणि काही न बोलता सुधारित नोट पाठवली. ते न बोलणं मला आठवडाभर पुरलं. क्वार्टरबॅकने तर जेवणाच्या रांगेत जुना कागद मला दाखवला आणि म्हणाला, हाच आईला पाठवलाय, दुसरा पाठवू नकोस.

एवढं झाल्यावर मी काम सोडणार होते. सोडू नका. असल्या चुका त्या टेबलावरच्या प्रत्येकाने केलेल्या असतात, फक्त कुणी सांगत नाही.

दुसरा धडा मला आमच्या स्पॉटरने दिला. स्पॉटर म्हणजे दुर्बीण लावून ‘बारा मागे, सॅक, चौपन्न, सात यार्ड लॉस’ असं बोलत राहणारा माणूस; त्याचं ऐकून शेजारचा टाइप करतो. आमचे स्पॉटर हायस्कुलात बीजगणित शिकवून निवृत्त झालेले. मी मनात त्यांना आजोबाच म्हणायचे. क्वार्टरबॅक मागे पडला की मी सरसकट ‘सॅक’ म्हणायचे. ते म्हणाले, ‘बॉलकडे बघू नकोस. बॉल कुठे गेला ते सगळं स्टेडियम ओरडून सांगतं. पुढच्या पाच जणांकडे बघ.’ पुढचे पाच म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. पास असेल तर ते मागे सरकतात, हात छातीसमोर. धावायचं असेल तर मुंडी खाली घालून पुढे घुसतात. लाइन पुढे घुसली आणि क्वार्टरबॅक मागेच पडला तर तो सॅक नाही, साधा टॅकल फॉर लॉस, म्हणजे धावताना मागे पाडलं एवढंच. आरपीओ (रन-पास ऑप्शन, म्हणजे धावायचं की पास टाकायचं हे ऐनवेळी ठरवायचा डाव) नावाचा प्रकार आला की हे गणित फसतं, कारण लाइन रनची असते आणि बॉल हवेत जातो. तेव्हा निमूटपणे आजोबांकडे बघायचं. आणि सामन्याच्या शेवटी वेळ काढायला क्वार्टरबॅक गुडघा टेकतो ते यार्ड त्याच्या नाही, ‘टीम’च्या नावावर.

पाच जणांकडे बघायला लागल्यावर मला खेळ पहिल्यांदा दिसला. आणि एक गोष्ट खटकायला लागली, अजून खटकते. प्लेऑफ आले की सगळे आकड्यांवरून स्टार शोधतात. पण डिव्हिजन थ्रीमधून एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजचे खेळाडू संघांनी निवडायच्या कार्यक्रमात, सगळ्यात वर गेलेला खेळाडू कोण? न्यूयॉर्क राज्यातल्या होबार्ट कॉलेजचा अली मार्पेट. २०१५ साली दुसऱ्या फेरीत, एकूण ६१वा, टॅम्पा बे संघाकडे. पुढे सुपर बोल जिंकला आणि २०२२मध्ये, २८व्या वर्षी, स्वतःहून निवृत्त झाला. २०२१ला व्हाइटवॉटरचा क्विन माइनर्झ तिसऱ्या फेरीत ९८वा गेला, तोही कोविडमुळे कॉलेजचं शेवटचं वर्ष न खेळता. २०२४च्या सीझनला तो ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात होता. दोघेही लाइनमधले गार्ड. धावा, पास, कॅच, यांच्या कुठल्याच रकान्यात त्यांचं नाव सापडणार नाही. त्यांच्या कामाचा पुरावा म्हणजे क्वार्टरबॅकच्या रकान्यातून वजा न झालेले यार्ड. न पडलेल्या सॅकचा रकाना कुणी छापत नाही.

म्हणून हायलाइट्स बघून तयारी करू नका. तुम्हाला कुणीतरी सांगणारच, ‘व्हिडिओ गेम खेळ, आठवड्यात खेळ कळतो.’ गेममध्ये कॅमेरा बॉलमागे धावतो, तीच वाईट सवय लागते. ‘मेंटॉर’ शोधत फिरू नका, हे माझं ठाम मत. मी पहिल्या सेमिस्टरला तीन मोठ्या लोकांना लांबलचक ईमेल लिहिले होते, सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या. खरं शिकवलं ते थर्मासमधली कॉफी अर्धी देणाऱ्या आजोबांनी, आणि त्यांना मी शिकायला आलेय हेसुद्धा माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं मी थंडीपासून लपायला वर येते.

विक्रम लिहिताना आणखी एक काळजी घ्या. एनसीएए, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणारी संस्था, प्लेऑफचे आकडे खेळाडूच्या बेरजेत २००२पासून धरते, त्याआधी धरत नसे. माउंट युनियनचा नेट किमिक कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मिळून ८,०७४ यार्ड धावला, त्याआधीचा विक्रम नेब्रास्कातल्या, डिव्हिजन टूच्या चॅड्रन स्टेटच्या डॅनी वुडहेडचा, ७,९६२. दोघेही २००२नंतरचे, त्यामुळे तुलना चालते. पण किमिकचा संघ २००५ ते २००८ चारही वर्षं फायनलला गेला, म्हणजे दर वर्षी पाच सामने जादा. वुडहेडचा संघ फायनलपर्यंत कधी पोचला नाही. दोघांत कोण भारी हे मी सांगणार नाही (वुडहेड), पण १९९०च्या दशकातल्या कुणाशी त्यांची तुलना छापलीत तर फोन येणार हे नक्की. डिव्हिजन थ्रीच्या सर्वोत्तम खेळाडूला गॅग्लिआर्डी ट्रॉफी देतात, त्यासाठी कॉलेजं शिफारस पाठवतात. तिथे अभ्यास आणि समाजकामही बघतात, नुसते यार्ड नाही. ज्या जॉन गॅग्लिआर्डींच्या नावाची ती आहे ते ४८९ सामने जिंकले आणि सरावात खेळाडूंना टॅकल करू द्यायचे नाहीत. हे मला फार आवडतं.

आता कोरडं बोलते. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. प्लेऑफच्या आठवड्यात कुणी प्रेमाने ‘जरा जास्त थांब’ म्हणालं तरी तास मोजा. व्हिसा तुमचा जाणार, त्यांचा नाही. दुसरी फेरी थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी येते. तेव्हा बऱ्याच कॉलेजात हॉस्टेल बंद, मेस बंद. राहायची परवानगी ऑक्टोबरातच मागून ठेवा आणि खोलीत मॅगी ठेवा. प्रेस बॉक्सची, म्हणजे मैदानाच्या वर आम्ही बसतो त्या खोलीची, खिडकी स्पॉटर उघडी ठेवतो, त्यामुळे बोटं कापलेले हातमोजे घ्या. आणि या कामातून क्रीडाक्षेत्रात मोठी नोकरी लागेल असं घरी सांगू नका. मला लागली नाही. मी आज विमा कंपनीत आकडेच बघते.

आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, त्यामुळे मॅगी फारशी लागली नाही. सहा सॅक झाले. प्रत्येक वेळी मी हाताने दोन रकान्यांत लिहिलं आणि आजोबांनी न सांगता मान डोलावली. शेवटच्या वर्षी, डिसेंबर २०२३ला, स्टॅग बोल खोलीत लॅपटॉपवर पाहिला. इलिनॉयच्या नॉर्थ सेंट्रलने शेवटी टचडाउन मारून ३७-३८ केलं, आणि बरोबरीच्या एका गुणाऐवजी जिंकायला दोन गुणांचा डाव खेळला. फसला. न्यूयॉर्कचं कॉर्टलंड चँपियन. खोलीतली सगळी ओरडत होती आणि मी मनात म्हणत होते, टू-पॉइंट कन्व्हर्जनचे यार्ड कुणाच्याच खात्यावर लागत नाहीत.

अर्ज ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात करा, सेमिस्टर सुरू व्हायची वाट बघू नका. तेव्हा ऑफिसमध्ये रोस्टर टाइप करायचं काम पडलेलं असतं आणि माणूस नसतो. शंभर आडनावं, नंबर, गावं टाइप करायला लावतील. करा. नंबर पाठ होतात. लाइनमधल्या पोरांचे आधी पाठ करा.